नाक्यावरचा नाना

प्रमिला सपकाळेने आपल्या गेममध्ये नानांना कधी घातलंच नव्हतं. तिने जकात नाक्यावर एक जाडा माणूस उभा केला होता, एवढंच. तोही जाडा अशासाठी की बारीक माणूस पडद्यावर नीट दिसतच नव्हता. त्या कॉम्प्युटरला एका वेळी चारच रंग यायचे, काळा, हिरवा, लाल आणि पिवळा, आणि माणूस काढायला मोजके ठिपके. दोन ठिपक्यांचे डोळे काढले की माणूस मांजरासारखा दिसायचा. म्हणून तिने डोळ्यांवरून एक काळी पट्टी ओढली. झाला गॉगल. पोट पिवळं, डोळ्यांवर काळं, हातात लाल झेंडी. यात कुणाची नक्कल करायचं तिच्या मनातही नव्हतं.

पण आपल्या मनात काय होतं हे सांगता सांगता पुढे तिची दोन वर्षं गेली.

प्रमिला भुसावळची. वडील रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते आणि आई सुंदरबाई शिंदखेड्याकडची. वस्तीतल्या बुद्धविहारात मुलींच्या सत्काराचा कार्यक्रम असला की पहिली खुर्ची प्रमिलाची, कारण कॉम्प्युटरचा डिप्लोमा करणारी तिथली ती पहिलीच. डिप्लोमानंतर ती जळगावच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागली. क्लासची मशिनं बिघडली की दुरुस्तीला लीलाधर बऱ्हाटे यायचा. तो तिच्याच वर्गातला, रावेरच्या केळीवाल्या घरातला, पण शेतात मन नसलेला. रेडिओ, टेपरेकॉर्डर, टीव्ही, समोर येईल ते उघडून बसायचा.

गेमची कल्पना दोघांची. बाजारात जे खेळ यायचे त्यांत विमानं, राक्षस, परदेशातले मारामारी करणारे पैलवान. प्रमिला म्हणाली, "आपल्याकडे एवढे ट्रक धावतात. त्याचा खेळ का नको?" आणि तिने ‘केळीची गाडी’ लिहायला घेतली. रावेरहून केळी भरलेला ट्रक निघतो. वाटेत खड्डे, म्हशी, लग्नाची वरात, बंद रेल्वे फाटक. शेवटी जकात नाका. नाक्यावरचा जाडा झेंडी हलवत रस्त्यात येतो, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. त्याने पकडलं की गाडीतले घड कमी होतात. त्याला चुकवून गाडी निसटली की तो रागाने जागेवरच उड्या मारतो.

त्या उड्यांवर प्रमिलाने फार मेहनत घेतली होती. ट्रकची चाकं फिरताना दिसावीत म्हणून तर तिने आठवडेच्या आठवडे घालवले. लीलाधरने जुने कॉम्प्युटर लाकडी खोक्यात बसवले आणि स्टिअरिंग म्हणून लुनाचं हँडल लावलं. आत रेडिओच्या आवाजाचं बटण. हँडल वळवलं की बटण फिरायचं आणि गाडी वळायची. खोक्यावर त्याने पेंटरकडून ‘सपकाळे-बऱ्हाटे गेम्स, जळगाव’ असं लिहून घेतलं. प्रमिला ते नाव येता-जाता वाचायची.

पहिलं खोकं रावेरला भिकुबाईच्या हॉटेलात ठेवलं. भिकुबाई साठीची, एकटीच्या बळावर हॉटेल चालवणारी. केळीचं पॅकिंग होई तिथून जवळच तिचं हॉटेल, त्यामुळे गाडी भरेपर्यंत ड्रायव्हर-क्लीनर तिच्याच बाकांवर पडलेले असायचे. दिवसभर खरा ट्रक चालवणारी ही माणसं, पण खोट्या ट्रकवर अशी तुटून पडली की भिकुबाईला चहा विकायला वेळ पुरेना. खोकं एकाचं तीन झाली. मग भुसावळ, जळगाव, अमळनेर. अमळनेरला तर कॉलेजातले प्राध्यापकही खेळून जातात, असं लीलाधर येऊन सांगायचा.

प्रमिलाने क्लासची नोकरी सोडली ती याच दिवसांत.

नाव ठेवलं ते ड्रायव्हरांनी. पंडितनाना म्हणजे त्या भागातलं सहकारातलं मोठं नाव. अंगाने भरलेले, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून घरातसुद्धा काळा गॉगल. एका ड्रायव्हरची गाडी नाक्यावरून निसटली, जाडा उड्या मारायला लागला, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, हे तं आपले नाना!" सगळं हॉटेल हसलं. त्या दिवसापासून केळीची गाडी हे नाव मागे पडलं. लोक म्हणायचे, चल, नाना चुकवू.

प्रमिलाने नानांना तोवर पाहिलेलंही नव्हतं. तिला आधी गंमत वाटली. मग नगरपालिकेच्या निवडणुकीचं वारं सुरू झालं आणि नानांचं पॅनेल उभं राहिलं.

नानांचा माणूस आला तो आधार. उंच, गोड बोलणारा, खिशाला दोन पेनं. प्रमिला आणि लीलाधरच्या जळगावच्या छोट्या गाळ्यात तो खुर्ची ओढून बसला.

"ताई, तुम्ही हुशार आहात. नानांना अभिमान आहे. पण हे जरा बरं दिसत नाही."

"काय बरं दिसत नाही?"

"नाक्यावरचा माणूस."

"तो कोणी नाही. तो नुसता माणूस आहे."

आधार हसला. "ताई, गॉगल?"

तिने त्याला कॉम्प्युटरसमोर बसवलं. ठिपके दाखवले, डोळे काढून दाखवले, मांजर दाखवलं. आधारने सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाला, "मला पटलं हो. पण लोकांना कोण समजावणार?" उठता उठता म्हणाला, "आणि ही खोकी जुगारात धरतात म्हणे काही ठिकाणी. भिकुबाईसारखी गरीब बाई उगाच अडचणीत यायची."

लीलाधरचा चेहरा उतरला. प्रमिलाला वाटलं, एवढंच ना? बदलू. तिने जाडा काढून बारीक माणूस घातला, गॉगल पुसला, डोक्यावर टोपी दिली. नवीन फ्लॉप्या घेऊन लीलाधर गावोगाव फिरला.

चार दिवसांनी प्रमिला स्वतः रावेरला गेली. भिकुबाईने तिला चहा दिला नाही.

"काय केलं वं पोरी? गिऱ्हाईक मले इचारतात, नानाले कुठी पाठवलं?"

"मावशी, खेळ तोच आहे. नुसता माणूस बदलला."

"मंग माणसासाठीच तं येत होते ते!"

बाकावर पडलेला एक ड्रायव्हर उठून बसला. "बाई, तुम्ही घाबरल्या," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसती निराशा होती, आणि तेच तिला जास्त लागलं. ती म्हणाली, "मी घाबरले नाही. तो नाना नव्हताच कधी." ड्रायव्हर म्हणाला, "असं बोलावंच लागतं, आमाले समजते," आणि पुन्हा आडवा झाला.

भुसावळला घरी गेली तर तिथे वेगळाच दरबार. वस्तीतले एक काका होते, सभा-मोर्च्यांत पुढे असणारे. त्यांनी आईसमोरच तिला विचारलं, "प्रमिला, आपल्या पोरीने एवढ्या मोठ्या माणसाला उड्या मारायला लावलं म्हणून आम्ही छाती काढून फिरत होतो. तू माघार घेतलीस?"

"काका, मी कुणाला उड्या मारायला लावलं नाही. गेममध्ये कुणीतरी हरावं लागतं, म्हणून..."

"तेच म्हणतो. हरवलंस ना? मग आता मागे का?"

तिला रडू यायचं बाकी होतं. आधारला वाटत होतं ही वस्तीतली पोरगी, हिला कुणीतरी शिकवून पाठवलंय. काकांना वाटत होतं ही वस्तीतली पोरगी, हिने आता लढलंच पाहिजे. ट्रकची चाकं किती छान फिरतात, हे आजवर एकानेही म्हटलं नव्हतं.

सुंदरबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "बठ्ठा गाव तुना खेळ खेळी राहिना, माय, पन तुले कोनी इचारस का, तुले काय जोयजे?" आपल्याला काय हवं, हे प्रमिलाला खरंच कुणी विचारलं नव्हतं.

विरोधी पॅनेलची माणसं आली ती त्याच आठवड्यात. त्यांना जाडा परत हवा होता, आणखी जाडा. केळी खाताना. शेवटी खुर्चीवरून पडताना. प्रचाराचे कापडी फलक, हार, मंडप यांची ऑर्डर देतात तशीच त्यांनी गेमची ऑर्डर दिली. प्रमिलाने नाही म्हटलं. पण दुसऱ्याच दिवशी त्यांच्या सभेत भाषण झालं, की आमच्या भगिनीने नानांचं खरं रूप पडद्यावर दाखवलं म्हणून तिच्यावर दडपण आणलं जात आहे. कर्ण्यावरून तिचं पूर्ण नाव घेतलं.

मग नानांनीच बोलावलं.

लीलाधरच्या स्कूटरवरून दोघं गेले. नानांच्या बैठकीत गादीवर नाना, बाजूला आधार, आणि समोर टेबलावर प्रमिला-लीलाधरचंच एक खोकं. ते कुठल्या हॉटेलातून उचलून आणलं होतं, हे कुणी सांगितलं नाही. प्रमिलाने मनात चार वाक्यं ठरवून ठेवली होती. पण नाना ओरडले नाहीत. चहा मागवला, वडिलांची चौकशी केली, लोको शेडमधल्या जुन्या फोरमनचं नाव घेतलं. मग म्हणाले, "लाव बरं, पोरी. मला जुनं लाव. मी असलेलं."

"नाना, ते तुम्ही नव्हता..."

"लाव गं."

तिने सोबत आणलेली जुनी फ्लॉपी घातली. नानांनी लुनाचं हँडल धरलं आणि ट्रक हाकला. म्हशीला धडकले, वरातीत घुसले, फाटकावर अडकले, आणि लहान मुलासारखे हसले. नाक्यापर्यंत पोचायला त्यांना बराच वेळ लागला. जाडा पुढे आला. नानांनी हँडल झटकन वळवलं आणि गाडी निसटली. जाडा उड्या मारायला लागला.

नाना थांबले. पडद्याकडे बघत राहिले.

"छान आहे," ते म्हणाले. "काढू नको मला. राहू दे. माणसं नाव घेतात हे चांगलंच आहे. फक्त एक कर. गाडी निसटायला नको."

प्रमिलाला समजलं नाही. "म्हणजे?"

"म्हणजे मी उभा आहे ना तिथे? मग मला चुकवून कुणी जायला नको. कितीही हुशार ड्रायव्हर असू दे."

"पण नाना, मग तो खेळ राहणार नाही. जिंकताच आलं नाही तर कोण खेळेल?"

"आमच्या गावात लोक खेळतातच की," आधार म्हणाला, आणि नाना पुन्हा हसले.

तिने सांगून पाहिलं. गाडीला थोडी तरी फट ठेवावी लागते, माणूस त्या फटीसाठीच दहा वेळा हरतो, असं सगळं. आपण नानांना दहा वेळा जिंकू देऊ, एकदाच हरवू, असंही म्हणाली. नानांनी मान हलवली. "एकदा हरलेलं लोक लक्षात ठेवतात, पोरी. दहा वेळा जिंकलेलं नाही."

प्रमिला पुढे बोलणार तोच लीलाधर म्हणाला, "होईल नाना. आठ दिवसांत देतो."

परत येताना तिने स्कूटर थांबवायला लावली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, आणि मध्ये ती त्याच्यावर ओरडत होती.

"तू कोण हो म्हणणारा? प्रोग्राम मी लिहिते!"

"आणि खोकं कुणाच्या हॉटेलात ठेवशील? तुझ्या प्रोग्रामला टेकायला जागा लागते, प्रमिला. माहा बाप केळी कुणाच्या सोसायटीमार्फत पाठवतो माहीत आहे तुला?"

"मग आधीच सांगायचं होतंस."

"आधी नाना कुठे होता गेममध्ये?" तो म्हणाला, आणि त्याच्याही आवाजात रडू होतं.

ती मागे बसली.

तिने ते केलं. प्रोग्राममध्ये बदल इतका लहान होता की तिला लाज वाटली. गाडी जिकडे वळेल तिकडे जाडा आधीच उभा. बस. बाकी सगळं तसंच, चाकंसुद्धा. फक्त उड्या मारायचा भाग आता कधीच येणार नव्हता. तो तिने पुसला नाही, तसाच आत पडू दिला.

भिकुबाईच्या हॉटेलात नाना परत आला म्हणून आधी गर्दी झाली. एक हरला, दुसरा हरला. तिसऱ्याने पैज लावली आणि हरला. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळून चुकलं की इथे जिंकणं नाहीच. कुणी भांडलं नाही. ड्रायव्हर उठून पत्ते खेळायला गेले. पुढच्या खेपेला प्रमिला गेली तेव्हा तिन्ही खोकी बंद होती आणि त्यांच्यावर बरण्या मांडलेल्या होत्या.

"काढून न्या," भिकुबाई म्हणाली. "जागा अडते. तुहा राग नाही पोरी, पण जे हरवण्यासाठीच बनवेल हाये ते कायले खेळावं माणसानं?"

हेच प्रमिलाने नानांना सांगितलं होतं. तिने बरण्या उतरवायला घेतल्या.

तरी तिने हार मानली नव्हती. तिने लीलाधरला सांगितलं, आता माणूसच नको. माणूस घातला की कुणीतरी त्यात कुणालातरी बघतं. नवीन खेळ करू, जंगलाचा. सातपुड्यातून एक वाट, मध गोळा करायचा, आणि मागे अस्वल. लीलाधरलाही पटलं. त्याने खोकी नव्याने रंगवली, हँडल काढून बटणं बसवली. अस्वल सुरेख झालं होतं. दोन पायांवर उभं राहायचं, नाक वर करून वास घ्यायचं. प्रमिलाला पुन्हा कामात गोडी वाटली, कितीतरी दिवसांनी.

खेळ तयार झाला तेव्हा आधार गाळ्यात आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. खेळ त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "हे अस्वल म्हणजे कोण?"

प्रमिलाला आधी हसू आलं. "अस्वल म्हणजे अस्वल!"

"तसं नाही. आमच्यापैकी की त्यांच्यापैकी?"

तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरोखर माहिती हवी होती, म्हणजे नानांना जाऊन सांगता येईल. तिने लीलाधरकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

आणि असं विचारणारा आधार एकटाच होता असंही नाही. तो खेळ अमळनेरला लावला, तर पहिल्याच दिवशी खेळणारे विचारू लागले, हा कोण? मध म्हणजे कोणता घोटाळा? काहींनी तर अस्वलाला नाव देऊनही टाकलं. पण त्या नावावर एकमत होईना, म्हणून मजा आली नाही. एक जण म्हणाला, "यात ओळखू येत नाही. त्यांचा पहिला गेम भारी होता." वाट, मध, अस्वलाचं नाक, हे कुणी बघितलं नाही. त्या दिवशी प्रमिला अमळनेरच्या एसटी स्टँडवर बसली आणि तिला इतका राग आला, की कुणावर काढावा हेच कळेना. नानांवर काढावा तर नानांनी निदान खेळ खेळला होता. खेळणाऱ्यांवर काढावा तर तिने त्यांच्यासाठीच तो केला होता. दोन गाड्या निघून गेल्या तरी ती उठली नाही.

निवडणूक झाली. नानांचं पॅनेल पडलं. गेमशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. उन्हाळाभर नळाला पाणी नव्हतं, म्हणून लोकांनी पाडलं. पण वस्तीतले काका अजून सांगतात की आमच्या प्रमिलाने पाडलं, आणि नानांच्या घरात अजून म्हणतात की त्या पोरीने घात केला.

गाळा बंद झाला. लीलाधरने केबल टीव्हीचा धंदा सुरू केला आणि तो चांगला चालला. जाताना त्याने विचारलं, खोक्यांवरचं नाव ठेवू का? प्रमिला म्हणाली, तुझं तू बघ. ती धुळ्याला एका संस्थेत पगारपत्रकाचे प्रोग्राम लिहायला लागली. आईलाही तिकडे घेऊन गेली. सुंदरबाईला शिंदखेडा जवळ आलं म्हणून बरं वाटलं. प्रमिलाला काय वाटलं ते ती बोलायची नाही. पगारपत्रकात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही, आणि कुणी विचारत नाही की हा कोण.

दीड-एक वर्षाने रविवारी सकाळी दारात आधार उभा. तशीच दोन पेनं, तेच हसू. तो आता जिंकलेल्या पॅनेलबरोबर होता. पुन्हा निवडणूक यायची होती, या वेळी दुसरी कसली तरी.

"ताई, तुमचा पत्ता काढत आलो. तो पहिला गेम पाहिजे. नाना असलेला. निसटता येईल असा."

प्रमिलाने दार धरून ठेवलं. "तुम्हीच तो बंद करायला लावलात."

"तेव्हा मी तिकडे होतो," आधार सरळपणे म्हणाला.

"माझ्याकडे नाही."

"असेल हो. फ्लॉपी असेल कुठे."

"नाही. मी फॉर्मॅट केल्या. पगारपत्रकाला लागत होत्या."

तिला वाटलं तो जाईल. पण आतून सुंदरबाईचा आवाज आला, "पाव्हना शे ना? मंग आत बलाव, च्या ठेवस." आणि आधार चप्पल काढून आत आला, खाटेवर बसला, आईशी शिंदखेड्याच्या पाऊसपाण्याच्या गोष्टी करू लागला. प्रमिला भिंतीला टेकून उभी राहिली. त्याला हाकलावं असं तिला फार वाटत होतं. पण आईने बशी पुढे केली होती आणि तो फुर्र करून चहा पीत होता.

कप खाली ठेवून त्याने विचारलं, "बरं, मग ताई, तुमच्या ओळखीत दुसरं कोणी बनवतं का, असं?"

"नाही," प्रमिला म्हणाली. "इकडे बनवणारी मी एकटीच होते."

"अरेरे," आधार म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. मग त्याने बसची वेळ विचारली आणि प्रमिलाने ती सांगितली.